बॅक क्लोनवर डाय-टर्मिनेटर रिअ‍ॅक्शन का फसते आणि नव्वद हजार बेस वाचायचे कसे

बडोद्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. महीकाठच्या कोतरांतल्या मातीतून मिळालेल्या एका स्ट्रेप्टोमायसिसचा, म्हणजे मातीतल्या एका जीवाणूचा, बॅक क्लोन हाताशी आहे. बॅक म्हणजे ई. कोलायच्या पेशीत लांब परका डीएनए सांभाळणारं गोल कृत्रिम गुणसूत्र. इन्सर्ट (आत घातलेला तुकडा) साधारण ९० किलोबेसचा, म्हणजे नव्वद हजार बेसचा, व्हेक्टर (त्याला वाहणारा डीएनए) पीबेलोबॅक११. आत पॉलिकेटाइड (अनेक प्रतिजैविकं ज्या गटातली आहेत ती रसायनं) बनवणारा जनुकसमूह असावा असा अंदाज आहे. लॅबमध्ये प्लास्मिडसाठी (लहान गोल डीएनएसाठी) चालते तीच रिअ‍ॅक्शन लावली: ३०० नॅनोग्रॅम डीएनए, ३.२ पिकोमोल टी७ प्रायमर (जिथून वाचन सुरू होतं तो आखूड डीएनए), २५ सायकल. तीन वेळा ट्रेस (यंत्राने काढलेला चार रंगांचा आलेख) सपाट आला. चौथ्या वेळी तीनेकशे बेस दिसले आणि मग सिग्नल एकदम कोसळला. विचारणाऱ्या ताईंचे दोन प्रश्न आहेत: बिगडाय किट (डाय-टर्मिनेटर, म्हणजे साखळी थांबवणारी रंगीत अक्षरं असलेलं तयार मिश्रण) खराब झालं आहे का? आणि एवढा लांब तुकडा फ्लुओरोसंट डायच्या पद्धतीने पूर्ण वाचता येतो का?

किट बहुतेक ठीक आहे. खात्री हवी असेल तर त्याच किटमधला पीजेम कंट्रोल आणि एम१३ प्रायमर पुढच्या प्लेटच्या एका वेलमध्ये लावा. तो नीट वाचला गेला की किटवरचा संशय संपला. खरी अडचण हिशेबात आहे, आणि तो हिशेब एकदा कागदावर मांडला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. लांब टेम्प्लेट (वाचायचा डीएनए) लावताना नॅनोग्रॅम मोजायचे नाहीत, रेणू मोजायचे.

एका बेसजोडीचं वजन सरासरी ६६० डाल्टन धरा. तीन किलोबेसच्या प्लास्मिडचे ३०० नॅनोग्रॅम म्हणजे ०.१५ पिकोमोल. तुमचा बॅक व्हेक्टर धरून ९७.५ किलोबेसचा, म्हणून त्याचे तेवढेच ३०० नॅनोग्रॅम म्हणजे जेमतेम ०.००४७ पिकोमोल. प्रायमर बसायला जागा बत्तीस पट कमी. सायकल सिक्वेन्सिंगमध्ये एकच प्रायमर असतो, त्यामुळे पीसीआरसारखी दुपटीने वाढ होत नाही. दर सायकलला प्रत्येक टेम्प्लेटमागे फार तर एक नवी साखळी. २५ सायकलमध्ये प्लास्मिडवर जास्तीत जास्त ३.८ पिकोमोल साखळ्या तयार होतील, तुमच्या बॅकवर ०.१२. त्या पुन्हा सातआठशे वेगवेगळ्या लांब्यांत वाटल्या जाणार. मशीनला दिसायला उरलं काय?

आता एक मायक्रोग्रॅम बॅक आणि ५० सायकल घ्या: ०.०१५५ गुणिले ५०, म्हणजे पाऊण पिकोमोल. तीन किलोबेसचं प्लास्मिड ५० नॅनोग्रॅम घेऊन २५ सायकल चालवलं तर ०.६३ पिकोमोल होतं, आणि तेवढ्यावर चांगला ट्रेस येतो हे तुम्ही पाहिलंच असेल. म्हणजे बॅक वाचता येतो, फक्त रिअ‍ॅक्शन वेगळी लावावी लागते.

पण त्याआधी डीएनए. बॅकच्या बाबतीत निम्मं काम इथेच बिघडतं किंवा सुधारतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पीबेलोबॅक११ हा एफ-फॅक्टरवर (ई. कोलायच्या एका नैसर्गिक प्लास्मिडवर) चालणारा व्हेक्टर, पेशीमागे एक किंवा दोन प्रती. ई. कोलायचं स्वतःचं गुणसूत्र ४.६ मेगाबेसचं, म्हणजे तुमच्या बॅकच्या सुमारे ४७ पट. त्यातलं फक्त एक टक्का जरी प्रेपमध्ये (पेशींतून काढलेल्या डीएनएत) उतरलं तरी ट्यूबमधल्या डीएनएचा जवळजवळ तिसरा हिस्सा गुणसूत्राचा झाला. नॅनोड्रॉपला (डीएनए मोजणाऱ्या यंत्राला) यातलं काही कळत नाही. तो आरएनएही डीएनए म्हणूनच मोजतो. क्युबिट आरएनए बाजूला काढतो, पण गुणसूत्र आणि बॅक त्यालाही सारखेच. त्यामुळे ‘माझ्याकडे ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आहे’ असं म्हणताना त्यातले बॅकचे किती, हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

कल्चर १०० मिलिलिटर घ्या, क्लोरॅम्फेनिकॉल १२.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, सोळा तासांच्या पुढे वाढवू नका. रात्रभरात मिलिलिटरला तीन अब्ज पेशी धरल्या आणि पेशीमागे एकच प्रत, तरी १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३२ मायक्रोग्रॅम बॅक असतो. हाती त्याच्या निम्म्याहूनही बरंच कमी लागतं, पण चारपाच रिअ‍ॅक्शनला ते पुरतं. प्रती वाढवता येणारा व्हेक्टर, म्हणजे पीसीसी१बॅक, आणि त्याला चालणारा ईपीआय३०० स्ट्रेन असता तर अ‍ॅराबिनोज घालून दहा-वीस प्रतींपर्यंत नेता आलं असतं. पुढची लायब्ररी (क्लोनचा संग्रह) करताना हे जरूर ध्यानात ठेवा.

अल्कलाइन लायसिसचे (अल्कलीने पेशी फोडण्याचे) तीन बफर नेहमीचेच, पण हात वेगळा लागतो. पहिल्यात, म्हणजे ट्रिस ५० मिलिमोलर, ईडीटीए १० मिलिमोलर आणि आरएनेज १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, पेशी पूर्ण सुट्या होईपर्यंत ढवळायला हरकत नाही. एक गुठळी राहिली तर तेवढा डीएनए गेला. दुसरा बफर, ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस, घातला की व्होर्टेक्सला हात लावायचा नाही. ट्यूब चार-सहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करायची आणि घड्याळ लावून पाच मिनिटांच्या आत तिसरा बफर घालायचा. व्होर्टेक्स केलं तर गुणसूत्राचे तुकडे होतात, ते तुकडे चोथ्यात न अडकता वरच्या द्रवात येतात, आणि वर मांडलेला एक टक्क्याचा हिशेब सरळ दहा टक्क्यांवर जातो. पाच मिनिटांहून जास्त ठेवलं तर बॅकच कायमचा विस्कटतो आणि नंतर प्रायमरला नीट जागा मिळत नाही. एक बारीक गोष्ट: जानेवारीच्या सकाळी बडोद्यातली लॅब गार असते आणि बाटलीत एसडीएस पांढरं होऊन तळाशी बसलेलं असतं. बाटली ३७ अंशांवर ठेवून ते विरघळवून घ्या. तसंच वापरलं तर पेशी अर्धवट फुटतात आणि दोष मात्र कल्चरला दिला जातो.

तिसरा बफर, ३ मोलर पोटॅशियम अ‍ॅसिटेट पीएच ५.५, बर्फावर गार करून घाला आणि दहा मिनिटं बर्फातच ठेवा. नेहमीच्या मिनिप्रेपच्या सिलिका कॉलमवर बॅक चढवू नका. दहा किलोबेसच्या वरचा डीएनए त्यातून नीट सुटत नाही, आणि सुटतो तो तुटून. एकतर आयसोप्रोपॅनॉलने खाली बसवा, नाहीतर अ‍ॅनायन-एक्स्चेंज कॉलम वापरा आणि शेवटचा बफर ६५ अंशांना तापवून मग ओता. थंड बफरने लांब डीएनए कॉलमवरच राहतो. यानंतर एटीपीवर चालणाऱ्या डीएनेजची एक पायरी मी आग्रहाने सांगेन. तो फक्त सरळ, टोकं असलेला डीएनए खातो, गोल बॅकला हात लावत नाही. ३७ अंशांवर रात्रभर ठेवा, मग ७० अंशांवर ३० मिनिटं ठेवून एन्झाइम मारा, आणि इथेनॉलने पुन्हा खाली बसवून क्षार काढा. ताजा एटीपी वापरा, जुन्या उघडलेल्या एटीपीवर हे एन्झाइम अर्धवट चालतं.

पेलेट ट्रिस १० मिलिमोलर, पीएच ८.५ मध्ये विरघळू द्या. टीई नको, त्यातला ईडीटीए मॅग्नेशियम धरून बसतो आणि पॉलिमरेज उपाशी राहतं. टिपने वर-खाली करून पेलेट फोडू नका. चार अंशांवर रात्रभर ठेवला की तो स्वतःच विरघळतो. टिप रुंद तोंडाची घ्या, नसेल तर निर्जंतुक ब्लेडने टोक कापून घ्या. उणे वीसमध्ये वारंवार गोठवू-वितळवू नका. सध्या लागणारी ट्यूब चार अंशांवरच ठेवा.

आकार तपासायला पल्स्ड-फील्ड जेल (लांब डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणारं) लागेल. तिथे एक फसगत होते. बॅकचा इन्सर्ट बाहेर काढायला सगळीकडे नॉटआय हे डीएनए कापणारं एन्झाइम सांगितलेलं असतं, आणि वनस्पती किंवा प्राण्यांच्या क्लोनला ते बरोबरही आहे. पण स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जी-सी (जी आणि सी ही अक्षरं मिळून) ७२ टक्क्यांच्या आसपास. आठही अक्षरं जी आणि सी असलेली नॉटआयची जागा इथे अंदाजे दर साडेतीन किलोबेसला भेटते. इन्सर्टचा चुरा होतो आणि क्लोन लहान आहे असा गैरसमज होतो. इथे उलटं चालतं: ए-टीवर कापणारी ड्राआय आणि आसेआय ही दुर्मीळ कात्री. व्हेक्टरमध्ये त्यांच्या जागा कुठे आहेत ते नकाशावर पाहून तुकड्यांची बेरीज करा.

आता रिअ‍ॅक्शन. एकूण ४० मायक्रोलिटर: बिगडाय ३.१ चं तयार मिश्रण १६, डीएनए २० मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम, प्रायमर २ मायक्रोलिटरमध्ये १० पिकोमोल, आणि डीएमएसओ २, म्हणजे ५ टक्के. डीएनए ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरहून पातळ असेल तर हे गणित जमत नाही, म्हणून आधी घट्ट करा. प्लास्मिडसाठी सगळ्याच लॅब बिगडाय पातळ करून, पाच पट बफर घालून, एकेक मायक्रोलिटरवर भागवतात. ती काटकसर इथे करू नका. विरळ टेम्प्लेटवर पन्नास-साठ सायकल टिकायचं तर एन्झाइम भरपूर हवं.

सायकल: सुरुवातीला ९५ अंशांवर ५ मिनिटं, मग ९५ वर ३० सेकंद, ५५ वर १० सेकंद, ६० वर ४ मिनिटं, हे ५० वेळा. यंत्राचं तापणं-निवणं धरून साडेचार-पाच तास लागतात. सिग्नल कमी पडला तर ८० पर्यंत जा. शंभराच्या पुढे जाऊन मिळत काही नाही, कारण भलत्या जागी बसलेल्या प्रायमरच्या साखळ्याही त्याच चालीने वाढत राहतात. पहिली ५ मिनिटं टाळू नका. शंभर किलोबेसचा पिळलेला गोल डीएनए अर्ध्या मिनिटात पूर्ण उघडत नाही. यंत्र यूपीएसवर असू द्या. उन्हाळ्यात वीज दोन मिनिटं गेली तरी काही थर्मोसायकलर कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करतात, आणि कितवी सायकल झाली होती ते कळत नाही.

तापमान ५५ ठेवायचं तर प्रायमर तेवढा दमदार हवा. टी७चा नेहमीचा २० अक्षरी प्रायमर ४० टक्के जी-सीचा, त्याच्याबरोबर ५० अंशांवर उतरावं लागेल. एसपी६चा १८ अक्षरी प्रायमर तर आणखी अशक्त, त्यात जी-सी मिळून सहाच. व्हेक्टरच्या नकाशावरून त्याच भागातला २४ ते २६ अक्षरी प्रायमर मागवून घ्या. खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच रनमध्ये दिसतो.

चौथ्या वेळी तीनशे बेसनंतर सिग्नल कोसळला, त्याचं कारण वेगळं आहे. ते समजायला मिश्रणात काय असतं ते पाहावं लागतं. नेहमीच्या बिगडाय मिश्रणात डीजीटीपीच्या (जी अक्षर पुरवणाऱ्या रेणूच्या) जागी डीआयटीपी (त्याचा बदली रेणू) असतं. डीआयटीपी घातलेली साखळी सीशी तीनऐवजी दोनच हायड्रोजन बंधांनी जोडली जाते, म्हणून कॅपिलरीत (यंत्राच्या बारीक नळीत) धावताना ती स्वतःवरच दुमडत नाही आणि पीक एकमेकांवर चढत नाहीत. पण पॉलिमरेजला डीआयटीपी तितकंसं रुचत नाही. वाढ ७२ ऐवजी ६० अंशांवर करावी लागते ती याचमुळे. ७२ टक्के जी-सीच्या टेम्प्लेटवर या दोन्ही गोष्टी अंगावर येतात: टेम्प्लेटच्या गाठी (स्वतःवरच दुमडलेले भाग) ६० अंशांवर सुटत नाहीत आणि एन्झाइम तिथे अडतं. सिग्नल हळूहळू न उतरता ठरावीक बेसपाशी कड्यावरून पडल्यासारखा पडला, आणि पुन्हा लावल्यावर त्याच बेसपाशी पडला, तर गाठच आहे.

पहिला उपाय वर लिहिलेला डीएमएसओ. तो पुरला नाही तर त्याऐवजी बीटेन, अंतिम १ मोलर, म्हणजे ५ मोलर साठ्यातून ८ मायक्रोलिटर. त्या वेळी डीएनए १४ मायक्रोलिटरमध्येच बसवावा लागेल. तरीही नाही जमलं तर डीजीटीपी असलेलं बिगडाय वेगळं मिळतं, ते थोडं मिसळा: १६ पैकी १३ नेहमीचं आणि ३ डीजीटीपीचं. पूर्ण डीजीटीपी वापरून गाठ पार होते खरी, पण जी-सीच्या रांगांत पीक दाटतात आणि दोन जींचा एक जी वाचला जातो. म्हणून असा ट्रेस फक्त गाठ ओलांडायला वापरा, अंतिम अक्षरं समोरच्या बाजूने, उलट्या धाग्यावरून पक्की करा.

साफसफाईत प्रमाण चुकवू नका. ४० मायक्रोलिटरला १२५ मिलिमोलर ईडीटीए १० आणि शुद्ध इथेनॉल १२०. एकूण १७०, त्यात इथेनॉल ७०.६ टक्के. १५ मिनिटं खोलीच्या तापमानाला, मग ३००० जी वर ३० मिनिटं चार अंशांत, प्लेट उलटी करून टिशूवर झटका, ७० टक्के इथेनॉलने धुऊन १६५० जी वर १५ मिनिटं. इथेनॉल ७१-७२ च्या वर गेलं की न वापरलेला डायही खाली बसतो आणि ट्रेसच्या सुरुवातीला, ६० ते ९० बेसच्या दरम्यान, रुंद रंगीत डाग दिसतात. बॅकमध्ये खरा सिग्नलच क्षीण असल्याने हे डाग खालची अक्षरं पार झाकून टाकतात. उलट इथेनॉल कमी पडलं तर आखूड साखळ्या निसटतात आणि पहिले शंभर बेस गायब. पावसाळ्यात वरचेवर उघडलेली इथेनॉलची बाटली दमट हवेतलं पाणी ओढते. बाटलीतलं ९० टक्क्यांवर आलं तर प्लेटमध्ये ६३-६४ टक्केच पडतं. जुलैपासून नवी, लहान बाटली उघडा आणि झाकण लगेच लावा.

मशीनवर जाताना एक विरोधाभास सांभाळावा लागतो. डीएनए कॅपिलरीत विजेच्या ओढीने शिरतो, आणि तुमच्या प्लेटमध्ये साखळ्यांबरोबर एक मायक्रोग्रॅम लांब टेम्प्लेटही बसलेला आहे. तो तोंडाशी अडकला की करंट घसरतो आणि पीक रुंदावतात. सिग्नल कमी म्हणून इंजेक्शनची वेळ वाढवावी तर टेम्प्लेटही जास्त शिरतो. नेहमीच्या दुपटीच्या पुढे वेळ नेऊ नका. त्याने भागत नसेल तर सायकल वाढवा. आणि ट्रेस पाहताना आधी कच्चा सिग्नल उघडा. सॉफ्टवेअर अशक्त सिग्नलही ताणून देखणा दाखवतं. कच्च्यात पीक जमिनीलगत असतील तर देखण्या ट्रेसमधली अक्षरं धरू नका. क्यू२० म्हणजे शंभरात एक चूक, क्यू३० म्हणजे हजारात एक. मी क्यू३० च्या खालचा भाग जोडणीसाठी घेतो, पुराव्यासाठी नाही.

आता दुसरा प्रश्न, पूर्ण ९० किलोबेसचा. टेम्प्लेट कितीही लांब असला तरी या केमिस्ट्रीत एका रीडमध्ये (एका सलग वाचनात) सातआठशे, फार तर नऊशे बेस मिळतात. बिगडायमध्ये रंग डायडीऑक्सी अक्षरावर, त्याच्या बेसला जोडलेला असतो. फ्लुओरेसिन प्रकाश झेलतं, शेजारच्या डायक्लोरो-रोडामाइनला देतं, आणि चार अक्षरांचे चार रंग दिसतात. पण जिथे रंग बसला तिथे साखळी थांबली. म्हणजे प्रत्येक अक्षर ओळखायला वेगळ्या लांबीची साखळी हवी आणि त्या लांबीनुसार वेगळ्या करायला हव्यात. ८०० आणि ८०१ मधला फरक आठशेत एक. त्याच्या पुढे साखळ्या विजेच्या दिशेला ताणल्या जाऊन सापासारख्या सरकतात, आणि लांबीप्रमाणे वेग बदलणंच थांबतं. कॅपिलरी ३६ ऐवजी ५० सेंटिमीटरची घेतली की शंभर-दीडशे बेस जास्त मिळतात, इतकंच.

मग टोकाकडून प्रायमर सरकवत जावं का? दर पावलाला ५०० नवे बेस धरा, दोन्ही टोकांकडून चाला, तरी नव्वद फेऱ्या. प्रत्येक फेरीत प्रायमर मागवा, वाट पाहा, रिअ‍ॅक्शन लावा. आठवड्याला एक फेरी झाली तर पावणेदोन वर्षं. शिवाय पॉलिकेटाइडच्या जनुकांत एकाच साच्याचे मॉड्यूल एकामागे एक येतात. केटोसिंथेजचा भाग तर एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात जवळजवळ तसाच असतो. तिथे बसणारा प्रायमर एकाच वेळी पाच ठिकाणी बसतो आणि पहिल्या बेसपासून ट्रेसमध्ये पाच वाक्यं एकमेकांवर लिहिल्यासारखी दिसतात. प्रायमर निवडायचाच झाला तर दोन डोमेनमधल्या (मॉड्यूलच्या दोन कार्यभागांमधल्या) जोडपट्टीत निवडा आणि त्याची शेवटची बारा अक्षरं हाती असलेल्या सगळ्या अनुक्रमात एकदाच येतात हे तपासा.

शॉटगन हा जुना, खात्रीचा मार्ग. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प मुख्यतः बॅक असेच फोडून, डाय-टर्मिनेटरवर वाचून झाला. बॅकचे दोन-चार किलोबेसचे तुकडे, ते साध्या प्लास्मिडमध्ये, आणि दोन्ही टोकांनी रीड. प्रत्येक जागा सरासरी आठदा वाचायची तर ६०० बेसचे १२०० रीड लागतात. न वाचलेला हिस्सा ई चा उणे आठवा घात, म्हणजे हिशेबाने तीसेक बेस. पाचदाच वाचलं तर ७५० रीड आणि सुमारे पाच खिंडारं. प्रत्यक्षात जी-सीच्या गाठी क्लोन होत नसल्याने खिंडारं यापेक्षा जास्त येतात. १२०० रीड म्हणजे ९६ च्या साडेबारा प्लेट. त्यात व्हेक्टरचेच आठ टक्के वाया जातात, आणि प्रेपमध्ये तिसरा हिस्सा गुणसूत्र राहिलं असेल तर तेवढ्या प्लेट ई. कोलाय वाचण्यात गेल्या. वर डीएनेजचा आग्रह धरला तो यासाठी.

पण तुमच्या क्लोनला आज मी हा मार्ग सुचवणार नाही. मॉड्यूल चार-सहा किलोबेसचं आणि रीड सातशेचा. जोडणी करणारं सॉफ्टवेअर दोन सारखी मॉड्यूल एकावर एक रचून एक मॉड्यूल गिळून टाकतं, आणि कॉन्टिग (जोडून झालेला सलग अनुक्रम) दिसायला मात्र निर्दोष. ज्या ठिकाणी रीडची गर्दी अचानक दुप्पट दिसते तिथे हेच झालेलं असतं.

इथे फ्लुओरोसंट डायची दुसरी केमिस्ट्री कामाला येते: पॅकबायो या कंपनीची. तिच्यात रंग बेसवर नसतो, फॉस्फेटच्या शेपटाला असतो. अक्षर साखळीत बसलं की शेपूट रंगासकट गळून पडतं, मागे उरतो तो साधा, नैसर्गिक डीएनए, आणि साखळी थांबत नाही. सूक्ष्म खळग्याच्या तळाशी एकच पॉलिमरेज बसवलेलं असतं आणि अक्षर धरल्याच्या क्षणीचा प्रकाश तिथेच टिपला जातो. लांबीनुसार वेगळं करण्याची गरजच राहत नाही, म्हणून सातशेची भिंतही नाही. तुकड्याच्या दोन्ही टोकांना हेअरपिन लावून तो गोल करतात, पॉलिमरेज त्याच तुकड्यावरून अनेक फेऱ्या मारतं, आणि फेऱ्यांची सहमती काढली की १५-२० किलोबेसचा रीड साधारण क्यू३० च्या दर्जाने मिळतो. असा एक रीड तीन मॉड्यूल सलग ओलांडतो. शंभरदा वाचायचं तरी तुमच्या बॅकला एक कोटीहून कमी बेस लागतात. एका सेलच्या (यंत्रातल्या एका चिपच्या) मानाने ते चिमूटभर आहे, म्हणून बारकोड लावून इतरांच्या नमुन्यांबरोबर पाठवा, खर्च वाटला जाईल. डीएनए मात्र वर सांगितला तसाच, सावकाश हाताने काढलेला हवा. फाटलेल्या डीएनएतून लांब रीड निघत नाहीत.

बिगडायचं काम त्याने संपत नाही. क्रम असा ठेवा: आधी टी७ आणि एसपी६ टोकांचे रीड, क्लोन हवा तोच आहे ना हे पाहायला. मग लांब रीड आणि जोडणी. जोडलेलं वर्तुळ कागदावर ईकोआरआय आणि बॅमएचआयने कापा आणि खऱ्या जेलशी ताडून पाहा. ७२ टक्के जी-सीत ईकोआरआय चार-पाच तुकडे देईल आणि बॅमएचआय तीसच्या आसपास. एखादं मॉड्यूल गिळलं गेलं असेल तर ते इथे पकडलं जातं.

शेवटी एकेका अक्षराच्या चुका. लांब रीडमध्ये त्या बहुधा जी किंवा सीच्या सलग रांगांत येतात, एक अक्षर जास्त किंवा कमी. पंधरा किलोबेसच्या पॉलिकेटाइड जनुकात एक अक्षर घसरलं की तीन-तीन अक्षरं वाचण्याची चौकट मोडते. स्ट्रेप्टोमायसिसमध्ये हे शोधायला नैसर्गिक खूण आहे: कोडॉनच्या (तीन अक्षरांच्या गटाच्या) तिसऱ्या जागी जी-सी नव्वद टक्क्यांच्या घरात असतं. तिन्ही चौकटींचा जी-सी आलेख काढा. वरची रेघ एका जागी अचानक दुसऱ्या चौकटीत उडी मारत असेल तर बरोबर तिथे अक्षर चुकलं आहे. त्या जागेभोवती सहाशे-आठशे बेसचा पीसीआर करा, त्यातलं ५ ते २० नॅनोग्रॅम घेऊन, नेहमीच्या २५ सायकलने, दोन्ही धाग्यांवरून बिगडाय लावा. इथे टेम्प्लेट आखूड आहे, रेणू भरपूर आहेत, डीएनएचं प्रमाण सोडून तुमची जुनी रिअ‍ॅक्शन तशीच चालेल. प्लेट अहमदाबाद-गांधीनगरला पाठवायची असेल तर फॉर्मामाइड घालून पाठवू नका. इथेनॉलने धुऊन, पूर्ण सुकवून, सील करून, फॉइलमध्ये गुंडाळून पाठवा आणि १० मायक्रोलिटर फॉर्मामाइड मशीनवाल्यांनाच घालू द्या. मे महिन्यातल्या कुरिअरच्या गाडीत ओला डाय उन्हाने आणि उष्णतेने उडतो, कोरडा अंधारात टिकतो.